जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सोडण्याबद्दल गावाचं मत मागितलंय. काय सांगावं?

माणदेशी_मास्तर (सोमवार, रात्री ९.१०)

मंडळी, प्रश्न जड आहे, पण इथे वकील, पोलीस, पत्रकार सगळेच वावरतात म्हणून विचारतोय.

आमच्या वाडीतला एक माणूस खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय. बांधावरून भांडण, चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड, माणूस जागीच गेला. कैद्याचं वय आता साठीच्या पुढे, आत सोळा वर्षं झालीत. त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव निघालाय म्हणून ठाण्यातून हवालदार चौकशीला आले होते. पोलीस पाटील आणि आम्ही तंटामुक्त समितीचे चार लोक. सगळ्यांना एकच सवाल: सुटून आला तर गावात शांतता राहील का, तुमची काही हरकत आहे का?

पारावर यावर बैठक झाली. बहुतेकांचं म्हणणं, "हरकत आहे असं लिहून द्या आणि मोकळे व्हा. उद्या काही झालं तर आपली सही नको." यातल्या निम्म्या पोरांनी त्या माणसाला नीट पाहिलेलंही नाही. मयताचा सख्खा भाऊ वाडीतच असतो, तो अवाक्षर बोलला नाही. कैद्याची बायको अंगणवाडीत मदतनीस आहे, ती बैठकीकडे फिरकलीच नाही.

तर, लांब शिक्षा झालेल्यांना बाहेर यायची संधी वाढवावी असं तुम्हाला वाटतं का? आणि ती कोणाला द्यायची हे गावाने ठरवायचं असतं का? माझा कल "द्यावी" असा आहे. पण मी मयताचा कोणी लागत नाही, तेव्हा माझ्या कलाला किंमत किती, हेही सांगा.

चहाटळ (सोमवार, रात्री ९.२२)

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना? मग सोळा कशी झाली? मोजायला तलाठी बसवला होता का?

वऱ्हाडी_वकील (सोमवार, रात्री १०.०५)

चहाटळ, बाप्पा, हा गैरसमज अर्ध्या देशाचा आहे. पक्षकाराच्या घरचे निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न हाच विचारतात, "साहेब, चौदा वर्षांनी येईल ना?"

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. या प्रश्नाचा निकाल लागला तोही एका मराठी माणसाच्या अर्जावर. गांधी खून खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेने म्हटलं की माफीचे दिवस (चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेतून कापले जाणारे) धरून माझी शिक्षा भरली, आता सोडा. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. माफीचे दिवस कितीही साठोत, सरकारने शिक्षा कमी केल्याशिवाय सुटकेचा हक्क तयार होत नाही. पुढे १९६४ मध्ये सरकारनेच सोडलं, पुण्यात सत्कार झाला, त्यावरून गदारोळ, पुन्हा उचललं, १९६५ मध्ये परत सुटका. ती वेगळी कथा.

चौदा आले १९७८ मध्ये. त्याआधी काही राज्यं खुन्यांना फार लवकर सोडत होती, म्हणून संसदेने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सोडायचं नाही. आता हेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७५ म्हणून आहे. म्हणजे चौदाच्या आत सोडता येत नाही, इतकंच. चौदाव्या वर्षी सोडलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. राज्यपाल आणि राष्ट्रपतींचा अधिकार निराळा, त्याला हे कलम आड येत नाही.

महाराष्ट्रात २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. गुन्हा कसा झाला त्यावरून गट. रागाच्या भरात, तयारी नसताना केलेला खून खालच्या गटात. कट करून, टोळीने, क्रूरपणे केलेला वरच्या. प्रत्येक गटाला माफी धरून वीस किंवा त्याहून जास्त वर्षं ठरलेली. मास्तरांचा माणूस बहुधा खालच्या गटातला, म्हणून सोळाव्या वर्षी फाईल हलली. माफी मिळून त्याचा आकडा भरला असणार.

आता हवालदार गावात का येतो? २००० मध्ये लक्ष्मण नास्कर प्रकरणात न्यायालयाने काही प्रश्न घालून दिले. गुन्ह्याचा परिणाम सगळ्या समाजावर झाला का, की तो दोघांतला होता? पुन्हा करण्याची शक्यता किती? गुन्हा करण्याची ताकद त्याच्यात उरली आहे का? अजून ठेवून काही साधणार आहे का? घरची परिस्थिती कशी? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर "गावाची हरकत आहे" या तीन शब्दांत येत नाही.

उंबरठा (सोमवार, रात्री १०.४०)

मी वेगळ्या बाजूने लिहिते.

माझ्या मावसभावाचा खून झाला. आरोपी ओळखीचा. खटला चालला तेव्हा मावशी प्रत्येक तारखेला कोर्टात जायची, बाकावर बसायची, डबा न उघडता परत यायची. जन्मठेप झाली तेव्हा तिला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. एक दिवस तो माणूस बाजारात समोर उभा. रजेवर आला होता. कोणी कळवलं नव्हतं. भाजीची पिशवी तिथेच टाकून मावशी घरी आली आणि पुढे कित्येक महिने बाजारात गेली नाही.

तुम्ही सगळे "संधी, संधी" म्हणता. ज्याचं माणूस गेलं त्याला कोणती संधी असते? सोडण्याच्या चर्चेत कैद्याचं वय, त्याची तब्येत, त्याची मुलं, सगळं येतं. मावशीचं वय कोणी विचारलं नाही.

माझा विरोध आहे. वाढवू नका. आहे तेवढं पुष्कळ आहे.

कोकणकडा (सोमवार, रात्री १०.४८)

उंबरठा +१. आणि तुरुंगात वायफाय पण द्या आता.

चहाटळ (सोमवार, रात्री १०.५१)

कोकणकडा, आमच्या गावातच रेंज येत नाही, कैदी सुधारून काय पाहणार.

पांढरी_टोपी (मंगळवार, सकाळी ७.१५)

पहाटे उठायची जुनी सवय. मी कारागृह खात्यातून निवृत्त झालो. कुठल्या तुरुंगात होतो ते सोडा, पश्चिम महाराष्ट्रातलं एक मध्यवर्ती कारागृह.

उंबरठा ताईंच्या मावशींना कळवायला हवं होतं, यात दुमत नाही. आमच्याकडे रजेच्या आधी पोलिसांचा अहवाल येतो, पण अहवाल घेणारा शिपाई मयताच्या घरी जातोच असं नाही. पुष्कळदा कैद्याच्या जामीनदाराच्या ओट्यावर बसून कागद पूर्ण होतो. दोष असेल तर तो तिथे आहे.

आता आतली बाजू. कच्चा कैदी (खटला अजून चालू) आणि पक्का कैदी (शिक्षा झालेला) यांत जमीन-अस्मानाचा फरक. कच्चा सतत तारखेच्या तंद्रीत, भांडणं त्याच्याच बराकीत. पक्का, त्यातही जन्मठेपेचा, पहिली तीन-चार वर्षं धुमसतो, मग शांत होतो. त्याला माफी कमवायची असते. कारखान्यात काम, वर्तन चांगलं, रजेवरून वेळेवर हजर, की दिवस जमा. एक दंगा केला की जमा दिवस कापले जातात. ही माफी आणि वर्षातून मिळणारी संचित रजा (फर्लो), या दोन गोष्टींवर तुरुंग चालतो. दंडुक्यावर नाही. दोनशे माणसांच्या बराकीला दोन शिपाई पुरतात का? ज्याला गमावण्यासारखं काही आहे तोच स्वतःला आवरतो. ज्याला काहीच मिळणार नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्याच्यासमोर मी एकटा कधी उभा राहिलो नाही.

कोविडमध्ये मे २०२० ला नियम बदलला. सात वर्षांच्या वर शिक्षा असलेल्यांपैकी जे मागच्या दोन्ही वेळा रजेवरून वेळेत परतले होते, त्यांना आकस्मिक अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर, सोडलं. तेव्हा जन्मठेपेचे कित्येक जण दोन-अडीच वर्षं घरी राहिले. शेती केली, रिक्षा चालवली, पोरींची लग्नं लावली. बोलावल्यावर बहुतेक आपल्या पायांनी परत आले, काही पळाले ते पोलिसांनी धरून आणले. आमच्या यादीतले जे परत आले त्यांच्याकडे पाहून मला प्रामाणिकपणे प्रश्न पडायचा, ह्यांना आपण परत आत कशासाठी घेतोय?

सूर्याजी_भोसकर (मंगळवार, सकाळी ९.३०)

टोपीकाका, भाबडेपणा पुरे. बिल्किस बानो प्रकरण आठवा, २००२ च्या गुजरात दंगलीतलं सामूहिक बलात्कार आणि खुनांचं. १५ ऑगस्ट २०२२ ला अकरा जण सुटले, हार घातले, पेढे वाटले. ही तुमची "सुधारणा"? दार उघडं केलं की आधी वशिल्याचेच बाहेर पडतात. गरिबाची फाईल कपाटात आणि नेत्याच्या माणसाची टेबलावर. म्हणून माझं मत, दार बंदच बरं.

वऱ्हाडी_वकील (मंगळवार, दुपारी १.२०)

सूर्याजी, उदाहरण बरोबर, निष्कर्ष उलटा.

तो खटला गुजरातमधून मुंबईला वर्ग झाला होता, शिक्षा २००८ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने दिली. म्हणून सोडायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हताच. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि अकराही जणांना परत तुरुंगात हजर व्हायला लावलं. तिथे नियम होते. ते मोडून, अधिकार नसताना माणसं सोडली गेली. त्यावरून नियमाने सोडणंच वाईट, हे कसं सिद्ध होतं?

गरिबाच्या फाईलबद्दल मात्र तुम्ही शंभर टक्के खरं बोलताय. ज्याच्या मागे वकील आहे तो उच्च न्यायालयात जातो, "माझा प्रस्ताव सहा महिन्यांत निकाली काढा" असा आदेश आणतो. ज्याच्या मागे कोणी नाही त्याची वर्षं भरून गेली तरी त्याला पत्ता नसतो. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १८ फेब्रुवारी २०२५ चा निकाल महत्त्वाचा आहे. न्यायालय म्हणालं, राज्याचं धोरण असेल तर कैद्याने अर्ज करायची वाट पाहू नका, वर्षं भरली की सरकारने आपणहून विचार करायचा. नाकारायचं असेल तर कारणं द्यायची. ज्या राज्यांना धोरणच नाही त्यांनी दोन महिन्यांत करायचं.

मला विचाराल तर "संधी वाढवणं" म्हणजे हेच. चौदाचे बारा करा असं मी म्हणत नाही. चौदा झाले की फाईल आपोआप उघडली पाहिजे, आणि नकार मिळाला तर का मिळाला हे लेखी कळलं पाहिजे.

डॅडीभक्त_नाही (मंगळवार, दुपारी १.४५)

वशिल्यावरून आठवलं. खुनात जन्मठेप झालेल्या मुंबईच्या डॉन अरुण गवळीने सुटकेसाठी २००६ च्या परिपत्रकाचा आधार घेतला होता ना? पासष्टी ओलांडलेले, अशक्त कैदी वगैरे. त्याचं काय झालं?

वऱ्हाडी_वकील (मंगळवार, दुपारी २.१०)

एप्रिल २०२४ मध्ये आमच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०२५ मध्ये बाहेर आला तो जामिनावर, माफीवर नाही. मुद्दा असा की ज्या नियमासाठी तो भांडला तो बनवला होता कोण्या म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या कैद्यासाठी. असे पुष्कळ आहेत. त्यांची बातमी होत नाही.

माहेर_म्हापसा (मंगळवार, दुपारी ३.००)

गोव्याचा एक पदर जोडते. आमच्याकडच्या जन्मठेपेच्या कैद्यांनी म्हटलं होतं की पॅरोलवर घालवलेले दिवससुद्धा चौदा वर्षांत धरा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. पॅरोलचे दिवस प्रत्यक्ष कैदेत मोजायचे नाहीत. कारण दिलं तेही पटण्याजोगं आहे, नाहीतर वजनदार कैदी वारंवार पॅरोल काढून बाहेरच चौदा वर्षं पुरी करतील.

पण टोपीकाकांनी सांगितलेल्या कोविडवाल्यांचा विचार करा. त्यांना सरकारने गर्दी कमी व्हावी म्हणून आपल्या सोयीने बाहेर पाठवलं. ते दिवस सरळ त्यांच्या हिशेबातून गेले. काहींना नंतर कळलं की चौदावं वर्ष तेवढं पुढे ढकललं गेलंय.

कोकणकडा (मंगळवार, दुपारी ३.१५)

मग गर्दीचं काय? तुरुंग भरलेत, जन्मठेपवाल्यांना सोडा म्हणजे जागा होईल, असं दर वर्षी कोणीतरी बोलतं. जागा पाहिजे म्हणून खुनी सोडायचे?

वऱ्हाडी_वकील (मंगळवार, दुपारी ३.४०)

कोकणकडाशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे पाहा. देशात ५,७३,२२० कैदी, जागा ४,३६,२६६ जणांची. त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे दर चारातले तीन. गर्दी त्यांची आहे, जामीन न मिळाल्याची. जन्मठेपवाला सोडायचा तर तो माणूस म्हणून तपासून सोडा, खाट मोकळी व्हावी म्हणून नको. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की उंबरठा ताईंसारख्यांना वाटतं आपल्या माणसाच्या मरणाचा हिशेब चौरस फुटात होतोय.

सॅन_होजेचा_सदू (मंगळवार, रात्री ८.५०, आमच्याकडे सकाळ)

कॅलिफोर्नियातली पद्धत सांगतो, तुलना करा. इथे २०२१ पासून पन्नाशी ओलांडलेल्या आणि सलग वीस वर्षं काढलेल्या बऱ्याच कैद्यांना पॅरोल मंडळासमोर सुनावणी मिळते. सुटका नव्हे, सुनावणी. इथला पॅरोल म्हणजे रजा नव्हे, मुदतीआधी अटींवर सुटका. पॅरोलची शक्यताच नसलेली जन्मठेप झालेल्यांना ही सवलत नाही. वयाची सव्विशी पूर्ण व्हायच्या आत गुन्हा केलेल्यांसाठी अजून एक वेगळी वाट आहे. मंडळ कैद्याला समोर बसवतं आणि तासन् तास विचारतं. गुन्हा का केला, आत काय केलं, बाहेर कुठे राहणार, पोट कसं भरणार. खुनाच्या प्रकरणात मंडळाने हो म्हटलं तरी गव्हर्नर फिरवू शकतो.

आणि उंबरठा ताई, मुख्य गोष्ट. २००८ च्या जनमतानंतर मयताच्या नातेवाइकांना सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तिथे बोलण्याचा हक्क आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बहीण अशीच गेली. तो सुनावणीला जातो, विरोध करतो. पण घरी आल्यावर सांगतो की निदान त्या माणसाने माझ्या तोंडावर ऐकून तरी घेतलं.

मेरीलँडमध्ये तर न्यायालयाच्या २०१२ च्या निकालामुळे दोनशेच्या आसपास जुने कैदी सुटले, बहुतेक साठीपुढचे, कित्येक खुनात अडकलेले. त्यांतले पुन्हा गंभीर गुन्ह्यात सापडलेले अगदी मोजके. साठीतला माणूस विशीतल्या रागाने पेटत नाही, हे तिथे दिसून आलं.

सूर्याजी_भोसकर (मंगळवार, रात्री ९.०५)

सदूभाऊ, तिथे सुटल्यावर मागे पॅरोल अधिकारी असतो. इथे सुटल्यावर कोण असतं? एसटीचं तिकीट.

चहाटळ (मंगळवार, रात्री ९.०८)

तेही विठाईचं असेल तर बरं, निदान पांडुरंग तरी भेटेल.

रानजाई (मंगळवार, रात्री ९.३०)

थोडं अवांतर. आटपाडीचं स्वतंत्रपूर कोणी पाहिलंय का? औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेली खुली वसाहत. कैदी शेती करतात, कुटुंबाला सोबत ठेवू शकतात. भिंत नाही. कॉलेजच्या अभ्यासासाठी गेलो होतो तेव्हा एक जण भाजीला पाणी देत होता, त्याची बायको चूल पेटवत होती. कोण कैदी, कोण कर्मचारी, विचारल्याशिवाय कळलं नाही. आमच्यातल्या एकाने तर शिक्षकांनाच कैदी समजून "तुम्हाला किती वर्षं झाली?" विचारलं. सर म्हणाले, "निवृत्तीला सात राहिली."

नाशिकची_द्राक्षं (मंगळवार, रात्री ९.४०)

रानजाई :))

आमच्या नाशिकरोड कारागृहाचे कैदी गणपती फार सुंदर करतात. आम्ही तिथूनच घेतो. पैठणलाही खुलं कारागृह आहे ना?

पांढरी_टोपी (बुधवार, सकाळी ६.५०)

हो. पैठण, येरवडा, विसापूर, मोर्शी. तिथे माफीही बंद तुरुंगापेक्षा जास्त मिळते, म्हणून जन्मठेपेचा प्रत्येक जण खुल्यात जायला धडपडतो. माझ्या मते सुटकेचा निर्णय घ्यायचा असेल तर आधी माणसाला दोन वर्षं खुल्यात ठेवून पाहा. मंत्रालयात कागद वाचून जे कळत नाही ते विसापूरच्या शेतात एका पावसाळ्यात कळतं. पळायची सोय असून जो पळत नाही त्याच्याबद्दल वेगळा अहवाल कशाला पाहिजे?

कागदाचंही सांगतो. प्रस्ताव आमच्याकडून जातो, पोलिसांचा अहवाल लागतो, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत लागतं. शिक्षा देणारे न्यायाधीश केव्हाच बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले. खुर्चीत नवे साहेब. ते जुनं निकालपत्र वाचतात आणि लिहितात, "गुन्हा गंभीर आहे." गंभीर होता म्हणूनच तर जन्मठेप झाली! मधल्या पंधरा वर्षांत माणूस काय झाला ते त्या निकालपत्रात कसं असेल?

वऱ्हाडी_वकील (बुधवार, सकाळी १०.१५)

काका, नेमकं हेच २०२३ मध्ये बिहारच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं. न्यायाधीशाच्या किंवा पोलिसांच्या प्रतिकूल मतावरच भिस्त ठेवू नका, तुरुंगातलं वर्तन पाहा. त्याच वर्षी केरळचा एक कैदी सव्वीस वर्षांहून जास्त प्रत्यक्ष कैद भोगून सुटला, तोही सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. सल्लागार मंडळाने त्याची शिफारस केली होती, सरकार नाकारत राहिलं.

सावली_उन्हाची (बुधवार, दुपारी १२.३०)

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

माझे वडील आत होते. आता बाहेर आहेत. मी शाळेत होते तेव्हा गेले. त्यांनी केलं, यात शंका नव्हती. आईने कधी "माझा नवरा निर्दोष आहे" असं म्हटलं नाही, आम्हालाही म्हणू दिलं नाही.

रजेवर यायचे तेव्हा पोलीस चौकीत हजेरी असायची. चौकीसमोरच्या टपरीवर माझ्या वर्गातली मुलं बसायची. जामीनदार मिळायचा नाही. दोनदा रजा मंजूर झाली आणि जामीनदार नाही म्हणून वाया गेली. पुढे एका सामाजिक संस्थेच्या ताईंनी कागद करून दिले. प्रस्ताव एकदा नामंजूर झाला, कारण लिहिलं होतं "गावात तणाव होऊ शकतो". आम्ही ते गाव सोडून दुसऱ्या जिल्ह्यात राहत होतो. ते कोणी विचारलं नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांना यूपीआय काय असतं माहीत नव्हतं. रस्ता ओलांडताना माझा हात धरायचे. आता एका गोदामात रात्रपाळीला असतात. मालकाला माहीत आहे. तो म्हणाला, "मला रात्री जागा राहणारा माणूस पाहिजे, बाकी देव जाणे."

उंबरठा ताई, तुमच्या मावशींच्या जागी असलेली एक बाई आमच्याही गोष्टीत आहे. वडील सुटले तेव्हा मी त्यांच्या मुलाला निरोप पाठवला, की ते तुमच्या गावात येणार नाहीत. उत्तर आलं नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

उंबरठा (बुधवार, दुपारी २.००)

सावली, निरोप पाठवलास ते बरं केलंस. माझं मत बदललं असं समजू नकोस. पण मावशीला कोणी असा निरोप पाठवला असता तर ती बाजारात गेली असती.

मास्तर, तुम्हाला एक सांगते. त्या मयताच्या भावाला पारावर सगळ्यांसमोर विचारू नका. तिथे तो काय बोलणार? हो म्हटलं तर भावाचं रक्त विसरला म्हणतील, नाही म्हटलं तर वैर धरलं म्हणतील. त्याच्या घरी जा, एकटे जा. आणि मयताच्या बायकोचं काय? तिचं तुमच्या पोस्टमध्ये नावही नाही.

चहाटळ (बुधवार, दुपारी २.०४)

मास्तर गायब. धागा पेटवून शेतावर.

माणदेशी_मास्तर (गुरुवार, रात्री ९.४५)

गायब नव्हतो, उंबरठा ताईंनी सांगितलं तसं गेलो होतो. सगळ्यांचं वाचलं.

मयताची बायको तेव्हाच माहेरी गेली, मुलाला घेऊन. तिला फोन केला. म्हणाली, "मला त्याच्यात ओढू नका. तो आत असो की बाहेर, माझं काय बदलणारे. माझ्या पोराच्या वाट्याची जमीन तेवढी बघा."

भावाकडे संध्याकाळी गेलो. चहा झाला, पाऊस-पाण्याचं झालं. मग तो म्हणाला, "मास्तर, मला तो आला तर भीती नाही. म्हातारा झालाय. पण ज्या बांधावरून झालं तो बांध आजपण तसाच आहे. मोजणी झालीच नाही. त्याची पोरं अजून तिथवर नांगर घालतात. तो आला की पोरांच्या बाजूने उभा राहणार, मी माझ्या पुतण्याच्या. आधी मोजणी करा, दगड रोवा, मग सोडा. माझी हरकत नाही."

सोळा वर्षं माणूस आत, भाऊ मातीत, आणि भांडणाचं मूळ जागच्या जागी! गावातल्या कोणालाच, मलाही, हे सुचलं नाही. पारावर आम्ही त्याच्या स्वभावावर तासभर बोललो.

वकीलसाहेब, "मोजणी होईपर्यंत सोडू नका" असं लिहून देता येतं का?

वऱ्हाडी_वकील (गुरुवार, रात्री १०.२०)

तसं लिहू नका. मोजणी भूमी अभिलेखच्या हातात आहे, कैद्याच्या नाही. जे त्याच्या हातात नाही त्यावर त्याची सुटका अडवणं टिकणार नाही. सुटकेला अटी घालता येतात, पण त्या वाजवी असाव्यात, पाळता येतील अशा असाव्यात, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय.

असं करा. भावाचा स्वतंत्र जबाब त्याच्याच शब्दांत नोंदवायला हवालदारांना सांगा. मयताच्या पत्नीचाही, ती जिथे आहे तिथल्या ठाण्यामार्फत. समितीने हरकत किंवा ना-हरकत न लिहिता माहिती लिहावी. वाद कशाचा होता, आज कोण कुठे राहतं, रजेवर आला तेव्हा काही घडलं का, सुटल्यावर राहणार कुठे. वाडीतच राहणार की मुलीकडे? आणि मोजणीचा अर्ज दोन्ही घरांच्या सह्यांनी आजच टाका, त्याची पोच अहवालाला जोडा. ती पोच शंभर सह्यांपेक्षा जास्त बोलेल.

पांढरी_टोपी (शुक्रवार, सकाळी ७.००)

रजेवर आला तेव्हा काही घडलं का, हे नक्की लिहा. दर वेळी वेळेवर परतला असेल तर तेही. आमच्याकडे नोंद असतेच, पण गावाकडून आलं की वजन पडतं.

सूर्याजी_भोसकर (शुक्रवार, सकाळी ९.१०)

मी अजून विरोधातच. पण मोजणी करा, ते बरोबर.

चहाटळ (शुक्रवार, सकाळी ९.१२)

द्रुतगतीची फी भरा मास्तर, नाहीतर नियमित मोजणीला जन्मठेप पुरायची नाही.

माणदेशी_मास्तर (शुक्रवार, रात्री ८.३०)

फीवरून आज पुन्हा बैठक. कैद्याची बायको पहिल्यांदा आली. म्हणाली, निम्मी मी भरते. बाकीच्या निम्म्यावरून भाऊ आणि पुतण्या यांचं अजून ठरेना. सोमवारी दोघांना घेऊन भूमी अभिलेखच्या कचेरीत जातोय. हवालदारांना सांगून अहवाल तोवर थांबवलाय.